पोर्शे ९११ : एका गाडीच्या बिघाडांचा इतिहास

जुन्या पोर्शे ९११ च्या विक्रीच्या जाहिराती वाचणं हा माझा एक निरुपद्रवी छंद आहे. घ्यायची ऐपत नाही, इथे आणून चालवायची सोय नाही, तरी वाचतो. काही लोक रविवारच्या पेपरातलं वधू-वरांचं पान लग्न झाल्यावरही वाचतात ना, तसं. तर या जाहिरातींत एक ठरलेली ओळ असते. रंग कुठला, किलोमीटर किती, मालक किती झाले हे सगळं सांगून झालं की शेवटी येतं : केस-सेव्हर घातलेले, टेन्शनर बदललेले, पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवलेला.

स्थळाच्या माहितीत "अपेंडिक्स काढलेलं, दोन दाढा भरलेल्या" असं कुणी अभिमानानं छापावं, तशी ही ओळ. पण या गाडीच्या बाबतीत ती खरंच अभिमानाची असते, आणि तिच्यामुळे किंमत वाढते. कारण यातली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कारखान्याची एक जुनी चूक आणि ती कुणीतरी नंतर शोधून काढलेली. ९११ ची "दगा न देणारी गाडी" अशी जी ख्याती आहे ती पहिल्या दिवसापासूनची नाही. गाडी शोरूममधून बाहेर पडल्यावर पुढची पंधरा-वीस वर्षं मालकांनी आणि गॅरेजवाल्यांनी ती थोडी थोडी करून मिळवून दिलेली आहे. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, रिलीज नोट्सपेक्षा पॅचेसची यादी मोठी, आणि गंमत म्हणजे पॅच बरेचदा वापरणाऱ्यांनीच लिहिलेले.

सुरुवातीपासून सांगतो. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावानं मांडली गेली. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं प्युजोनं म्हटल्यामुळे ९०१ ची ९११ झाली. मागच्या चाकांच्याही मागे इंजिन, सहा सिलिंडर तीन-तीनचे आडवे झोपलेले, दोन लिटर, १३० हॉर्सपॉवर. आणि थंड करायला पाणी नाही. रेडिएटर नाही, कूलंट नाही. एक मोठा पंखा हवा मारतो आणि बाकीचं काम ऑइल करतं. म्हणून या गाड्यांत ऑइलही भरपूर, पुढच्या मॉडेलांत तर दहा लिटरच्या वर, आणि ते इंजिनाखाली न राहता वेगळ्या टाकीत राहतं.

नव्या मालकाची पहिली परीक्षा इथेच होते. आपल्याला सवय काय, तर सकाळी गाडी थंड असताना दांडी काढायची, पुसायची, परत घालायची आणि बघायचं. ९११ मध्ये तसं केलं तर दांडीवर ऑइल कमी दिसतं, कारण रात्रभरात ते टाकीतून थोडं इंजिनात उतरलेलं असतं. माणूस घाबरून लिटरभर ओततो. मग इंजिन तापल्यावर जास्तीचं ऑइल हवेच्या फिल्टरच्या डब्यात जातं आणि मागून निळा धूर. बरोबर पद्धत अशी : गाडी नीट तापवायची, सपाट जागेवर उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचं, आणि मग दांडी बघायची. बिघाड काहीच नसताना दुरुस्तीला आलेल्या ९११ चा एक मोठा वर्ग या दांडीनं निर्माण केलेला आहे.

आता केस-सेव्हर.

इंजिन मागे लटकवल्यामुळे मागचं वजन हा कायमचा डोक्याला ताप. म्हणून १९६८ च्या सुमारास इंजिनाचं मुख्य धड, म्हणजे क्रँककेस, अॅल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमचं करायला सुरुवात झाली. हलकं, ओतायला सोपं. त्या वेळच्या दोन लिटरच्या इंजिनाला ते पुरत होतं. पण नंतर इंजिन वाढत गेलं. २.०, मग २.२, मग २.४, आणि १९७३ च्या कॅरेरा आरएसबरोबर २.७. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटरवरून ९० वर गेला, तरी दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर तेच, ११८ मिलिमीटर. एकाच चाळीतल्या खोलीत बिऱ्हाड वाढत जावं तसा प्रकार. १९७४ पासून हे २.७ चं इंजिन सगळ्याच ९११ ना मिळालं.

या इंजिनात सिलिंडर आणि त्यावरचं हेड हे लांब बोल्टांनी (स्टड म्हणतात त्यांना) क्रँककेसला आवळलेले असतात. एका सिलिंडरला चार, म्हणजे एकूण २४. स्टड पोलादाचा. आधीच्या बऱ्याच इंजिनांत सिलिंडरच्या आत बिडाची नळी असायची. २.७ मध्ये सिलिंडर पूर्ण अॅल्युमिनियमचे झाले, आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. म्हणजे इंजिन तापलं की सिलिंडर लांब होणार, स्टड मात्र तेवढा लांब होणार नाही, आणि स्टडवरचा ताण वाढणार. तो ताण शेवटी कोणावर? स्टडचं खालचं टोक ज्या आट्यांत बसलंय त्या आट्यांवर. आणि ते आटे मऊ मॅग्नेशियममध्ये पाडलेले. पुढे काय होणार ते कुठलाही फिटर सांगेल : आटे गेले! स्टड हळूहळू वर ओढला जातो, हेड सैल पडतं, बाजूनं गॅस गळायला लागतो, इंजिन फुसफुसायला लागतं.

हे सगळ्या २.७ गाड्यांत सारख्या वेगानं झालं नाही, आणि इथे गोष्ट जर्मनीतून अमेरिकेत जाते. अमेरिका ही पोर्शेची सगळ्यात मोठी बाजारपेठ. तिथे १९७० च्या कायद्यानंतर धुराचे नियम वर्षागणिक कडक होत गेले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाण्याआधी पोर्शेनं थर्मल रिअॅक्टर हा उपाय निवडला. आधी कॅलिफोर्नियाच्या गाड्यांवर, मग १९७६ आणि ७७ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्याच. थर्मल रिअॅक्टर म्हणजे काय, तर हेडच्या लगेच खाली बसवलेली एक भट्टी. अर्धवट जळलेलं पेट्रोल तिथे पुन्हा जाळायचं म्हणजे धूर स्वच्छ होतो. धूर स्वच्छ झाला, पण आधीच ताणाखाली असलेल्या स्टडांच्या शेजारी चूल पेटली. त्यातच त्या दोन वर्षांत पंख्याची अकरा पाती कमी करून पाच केली गेली. अॅरिझोना-कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात अशी गाडी ट्रॅफिकमध्ये उभी आहे, एवढं डोळ्यांपुढे आणा म्हणजे पुरे.

मला या गोष्टीत सगळ्यात भावतं ते हे की यात मूर्ख कुणीच नाही. मॅग्नेशियम निवडणारा बरोबर होता, त्याच्यासमोर दोन लिटरचं इंजिन होतं. व्यास वाढवणारा बरोबर होता, अॅल्युमिनियमचा सिलिंडर घेणारा बरोबर होता, धुराचा नियम करणारा तर बरोबर होताच. प्रत्येकानं आपापल्या टेबलावरचा प्रश्न सोडवला आणि चौघांची बेरीज त्या मऊ आट्यांवर येऊन बसली. ज्यांनी कुणी दहा वर्षं जुन्या कोडबेसवर काम केलंय त्यांना मी आणखी काय सांगू :-)

उपाय बाहेरच्या वर्कशॉपांत घडला. इंजिन पूर्ण उघडायचं, गेलेले आटे मोठ्या ड्रिलनं काढून टाकायचे, तिथे पोलादाचं आटे असलेलं जाड बुश बसवायचं आणि स्टड त्यात आवळायचा. बुश बाहेरून रुंद, म्हणून ताण मॅग्नेशियमच्या जास्त क्षेत्रावर वाटला जातो. हाच केस-सेव्हर. काम सगळ्या २४ ठिकाणी करायचं, गेले असतील तेवढ्याच ठिकाणी नाही, कारण उरलेले पुढच्या रांगेत उभेच असतात. त्याबरोबर थर्मल रिअॅक्टर काढून जुन्या पद्धतीचा एक्झॉस्ट (जिथे कायद्याला चालेल तिथे), आणि अकरा पात्यांचा पंखा. एवढं केलेलं २.७ व्यवस्थित चालतं. म्हणूनच जाहिरातीत ती ओळ असते.

कारखान्यानं धडा घेतला. टर्बोसाठी आणि युरोपातल्या कॅरेरा ३.० साठी अॅल्युमिनियमचं क्रँककेस आलं होतं, ते १९७८ च्या ९११ एससीपासून सगळ्यांना मिळालं. तीन लिटर, व्यास ९५. आटे ओढले जाणं जवळपास थांबलं. पण पसरण्याचा प्रश्न मुळातून सोडवायला म्हणून खालच्या बाजूचे स्टड डिलावार नावाच्या खास मिश्रधातूचे केले, जो अॅल्युमिनियमच्या बराच जवळ जाईल इतका पसरतो. कागदावर एकदम सुंदर. प्रत्यक्षात खालची बाजू म्हणजे रस्त्यावरचं पाणी आणि थंड देशांत बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. डिलावारवर गंजाचे बारीक खड्डे पडले की तिथून तडा सुरू व्हायचा आणि स्टड तुटायचा. म्हणून एससीचे अनुभवी मालक टॅपेट सेट करायला खालचं व्हॉल्व्ह कव्हर उघडतात तेव्हा आधी आत एखादा नट सुटा पडलाय का ते बघतात, मग ०.१० मिलिमीटरचं फीलर गेज हातात घेतात.

आता पॉप-ऑफ व्हॉल्व्ह, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बिघाड शोधण्याचा खरा आनंद इथे आहे.

१९७३ च्या सुरुवातीला अमेरिकेत जाणाऱ्या ९११ टी मध्ये बॉशची के-जेट्रॉनिक ही पेट्रोल फवारण्याची पद्धत आली. पुढच्या वर्षी बहुतेक ९११ वर तीच, आणि मग १९८३ च्या एससीपर्यंत. (बॉश म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे मायको सर्कल येणार. सातपूरचा कारखाना डिझेलच्या नोझलचा, पण घराणं एकच.) 'के' हे सतत या अर्थाच्या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर. सहाही इंजेक्टर इंजिन चालू असेपर्यंत सतत फवारत असतात. कॉम्प्युटर नाही, प्रोग्रॅम नाही, एक ओळ कोड नाही. तरी ही यंत्रणा गणित करते, आणि ते दाबानं करते.

इंजिन हवा ओढतं. हवेच्या वाटेत एक गोल थाळी आहे, हवेनं ती वर उचलली जाते. जेवढी हवा जास्त तेवढी थाळी वर. थाळीला जोडलेली दांडी एक छोटा दट्ट्या वर ढकलते, आणि तो दट्ट्या जेवढा वर जाईल तेवढ्या सहा बारीक फटी उघडतात. त्यांतून सहा इंजेक्टरना पेट्रोल. झालं! पण इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त लागतं, मग? त्यासाठी दट्ट्याच्या डोक्यावर पेट्रोलचाच उलटा दाब दिलेला आहे. हा दाब कमी असला तर थाळी सहज वर जाते आणि मिश्रण घट्ट होतं. एका डबीत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती विजेनं आणि इंजिनाच्या उष्णतेनं तापते, आणि जसजशी तापते तसतसा हा दाब वाढवत नेते, साधारण साडेतीन बारपर्यंत. मूळ यंत्रणेचा दाब साडेचार-पाच बार.

या यंत्रणेचा मोठा शत्रू म्हणजे फुकटची हवा. थाळीला वळसा घालून कुठून तरी हवा आत आली तर थाळीला ती दिसत नाही, त्या हवेचं पेट्रोल मिळत नाही. आणि ९११ मध्ये थाळीच्या खालचा, सहाही नळ्या जिथून निघतात तो डबा प्लॅस्टिकचा. गाडी थंड असताना मालकानं कार्ब्युरेटरच्या सवयीनं अॅक्सिलरेटर पंप केला, किंवा मिश्रण जरा बिघडलेलं असलं, की उलटा भडका. फाट् असा आवाज, आणि तो प्लॅस्टिकचा डबा उकलतो. नवा डबा बसवायचा तर बऱ्याचदा इंजिन खाली उतरवायचं.

इथे मालकांनी काढलेला तोडगा इतका साधा आहे की हसू येतं. डब्याला एक गोल भोक पाडा, त्यावर स्प्रिंगचं झाकण चिकटवा. भडका झाला की झाकण उघडेल, दाब निघून जाईल, झाकण परत बसेल. प्रेशर कुकर! आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात असलेली कल्पना. कारखान्यानं पुढे थंड स्टार्टच्या वेळचं पेट्रोल नीट वाटलं जावं म्हणून आतली रचना सुधारली, पण झाकण ही मालकांच्या बाजूनं आलेली दुरुस्ती.

फुकटची हवा येतेय का हे बघायची युक्ती तर मला फारच आवडते. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं. बस. क्रँककेसमधली हवा नळीनं परत इंजिनाच्याच हवेत जोडलेली असते, त्यामुळे झाकण काढणं म्हणजे मुद्दाम केलेली गळती. यंत्रणा घट्ट असेल तर इंजिन लगेच धापा टाकतं, बंद पडायला येतं. काहीच फरक पडला नाही, तर समजायचं की गळती आधीपासूनच कुठेतरी आहे. खर्च शून्य, वेळ पाच सेकंद.

मी ऑनसाइटला स्टुटगार्टला सात महिने होतो. तिथे हापिसात निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे १९८२ ची एससी. समोर मी त्यांना अर्थातच हेर अमुक-अमुक म्हणायचो आणि सातही महिने आमचं अहो-जाहोच चाललं, मनात मात्र ते काका होते. एका शनिवारी (रविवारी नाही, रविवारी जर्मनीत हातोडीचा आवाज केला तर शेजारी येतात) त्यांनी मला गॅरेजात बोलावलं. तक्रार अशी : थंड गाडी एका सेलला चालू होते, पण तापलेली गाडी वीस मिनिटं उभी करून परत स्टार्ट केली की घेत नाही. स्टार्टर मारत राहावं लागतं.

माझ्या डोक्यात लगेच चार संशयित. प्लग, कॉइल, पंप, वगैरे. काकांनी काहीच बदललं नाही. त्यांनी एक प्रेशर गेज काढलं, त्याच्या नळीत मधे एक छोटा कॉक. पेट्रोल वाटणारा डबा आणि ती तापणारी डबी यांच्यामधे ते जोडलं. कॉक बंद, पंप चालू : मूळ दाब ठीक. कॉक उघडा : उलटा दाब, तोही ठीक. मग पंप बंद केला आणि आम्ही कॉफी प्यायला बसलो. गेजकडे बघत. दहा मिनिटांनी निदान एक-दीड बार तरी उरायला हवा होता. काटा पाच मिनिटांच्या आत शून्यावर.

म्हणजे गाडी बंद केल्यावर नळ्यांतला दाब टिकत नाही, गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ इंजेक्टरमधून फवारली जात नाही. आता दाब कुठून निसटतोय? तीन वाटा. इंजेक्टर थेंब थेंब गळत असतील, काढून कागदावर धरले, कोरडे. दाब साठवणारी जी डबी असते तिचा पडदा फाटला असेल, तर तिच्या मागच्या नळीतून पेट्रोल येईल, तीही कोरडी. उरला पंपाच्या तोंडावरचा एकेरी व्हॉल्व्ह, जो पेट्रोलला उलटं टाकीत जाऊ देत नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान भाग. पुढच्या शनिवारी तो बदलला, गाडी गरम असताना एका सेलला चालू झाली. काकांनी ना टाळी दिली ना काही बोलले, गेज पुसून त्याच्या डबीत ठेवलं.

या गेजला आज चाळीस-पन्नास वर्षांनंतरही पर्याय नाही. ही यंत्रणा कुठल्याही लॅपटॉपला जोडता येत नाही. ती स्वतःहून काही सांगत नाही, पण नीट विचारलं तर खोटंही बोलत नाही.

टेन्शनरचं थोडक्यात सांगतो. या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवायला दोन लांब साखळ्या आहेत, त्या ताणून धरायला प्रत्येकी एक टेन्शनर. जुन्या टेन्शनरमध्ये स्वतःचंच थोडंसं ऑइल बंदिस्त असायचं. ते गळलं की साखळी सैल, मागून खडखडाट, आणि खडखडाट ऐकूनही गाडी पळवली तर साखळी दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात, आणि मग बिलाचा आकडा बघायला घरातल्यांना शेजारी बसवावं लागतं. १९८४ च्या ३.२ लिटर कॅरेरामध्ये पोर्शेनं टेन्शनरला इंजिनाच्या ऑइलचा दाब जोडून दिला. हा भाग जुन्या इंजिनांवरही बसवता येतो, आणि लोकांनी १९६० च्या दशकातल्या गाड्यांपर्यंत तो मागे नेला. नव्या आवृत्तीतला फिक्स जुन्या आवृत्तीत.

पण १९८४ ची कॅरेरा आली हेच मुळात नवल. १९७७ मध्ये पोर्शेनं ९२८ आणली होती, पुढे इंजिन, व्ही-८, पाण्यानं थंड होणारी. ९११ ची वारस म्हणून. ९११ बंद करायचं जवळजवळ ठरलेलं होतं. १९८१ च्या सुरुवातीला पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. जन्म बर्लिनचा, ज्यू कुटुंब नाझी काळात देश सोडून गेलेलं, वाढले शिकागोत, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनियर. ते स्वतः सांगत असत ती गोष्ट अशी की तांत्रिक प्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. ९२८ आणि ९४४ च्या रेघा पुढे जात होत्या, ९११ ची रेघ १९८१ शी थांबत होती. शुट्झनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवरून पुढे ओढत नेली. गोष्ट सांगता सांगता थोडी रंगली असेलही. पण गाडी राहिली हे खरं. आणि माझं वैयक्तिक मत असं, की ज्या गाडीचे मालक स्वतःच्या खिशातून आटे बदलून, झाकणं चिकटवून तीच गाडी चालवत राहतात, ती बंद करणं कुणालाही जड गेलं असतं.

त्या ३.२ कॅरेरामध्ये कॉम्प्युटर आला. बॉशचीच मोट्रॉनिक, जी १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये पहिल्यांदा आली होती. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एका डब्याच्या ताब्यात. आता कुणालाही वाटेल की बिघाड या डब्यात होणार. डबा सहसा ठणठणीत असतो. बिघडतो तो त्याला वीज देणारा रिले. आत सोल्डरचे टाके, वर्षानुवर्षं तापून-निवून त्यांना केसाएवढी चीर जाते. मग गाडी धावता धावता बंद पडते, काहीही कारण न देता. दहा मिनिटं कडेला उभी केली, रिले थंड झाला, की चालू. मेकॅनिककडे नेईपर्यंत दोष गायब. आपल्याकडे याला 'नॉट रिप्रोड्यूसिबल' म्हणून तिकीट बंद करतात.

निदानाचं सॉकेटही या गाडीला नाही, त्यामुळे डोकंच वापरावं लागतं. स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघायचं. काटा किंचित थरथरला तर फ्लायव्हीलजवळचे सेन्सर जिवंत आहेत, संशय रिलेकडे किंवा पंपाकडे. काटा मेल्यासारखा पडून राहिला तर आधी सेन्सर आणि त्यांच्या उष्णतेनं कडक झालेल्या वायरी. आणि काहीही असो, डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जास्तीचा रिले ठेवायचा. ३.२ कॅरेराचे मालक एकमेकांना भेटले की नमस्काराआधी हे विचारतात असं म्हणायला हरकत नाही.

पुढचं भरभर. १९८९ च्या ९६४ मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, त्यासाठी दोन डिस्ट्रिब्यूटर, दुसऱ्याला फिरवायला एक चिमुकला पट्टा. पट्टा तुटला तरी गाडी चालत राहते, फक्त जरा मरगळते, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. मग १९९४ ची ९९३. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक गाडीला ओबीडी-२ सक्तीचं झालं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा आला. ९९३ चा हा दिवा पेटायचं एक नेहमीचं कारण म्हणजे हेडमध्ये हवा सोडणाऱ्या बारीक वाटा कार्बननं बुजणं. कॉम्प्युटर सांगतो, हवा पोचत नाही. बरोबरच सांगतो. पण कार्बन का साचतो? बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गाइड झिजून ऑइल आत येतं म्हणून. ते कॉम्प्युटर सांगत नाही. पिवळा दिवा पुसायचं यंत्र काही हजारांत मिळतं, गाइड बदलायला इंजिन उघडावं लागतं. आणि विकायच्या आदल्या दिवशी लोक काय करतात ते सांगायला नको.

हे सगळं ज्ञान टिकलं कसं, हा मला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो. कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल होतंच, पण त्यात चुका कशा लिहिणार? १९५५ मध्ये अमेरिकेत पोर्शे क्लब सुरू झाला आणि त्याचं मासिक, पॅनोरमा. त्यात सभासद आपापले बिघाड आणि उपाय लिहायचे. ते लेख नंतर 'अप-फिक्सिन डेर पोर्शे' अशा मुद्दाम मोडक्या जर्मन नावाच्या खंडांत बांधून निघाले. ब्रूस अँडरसन यांचं ९११ वरचं हँडबुक १९८७ चं, कुठल्या वर्षीच्या इंजिनाला काय होतं ते सविस्तर सांगणारं. २००१ मध्ये वेन डेम्प्सी यांचं घरच्या गॅरेजात करता येतील अशा १०१ कामांचं पुस्तक आलं, फोटोंसकट. डेम्प्सी स्वतः इंजिनियर. या पुस्तकांची अर्पणपत्रिका बघितलेली नाही, पण त्या २.७ च्या आट्यांना करायला हवी होती.

आणि आता एक वेगळीच अडचण उभी आहे, जी कुठल्या गेजवर दिसत नाही. या गाड्या महाग झाल्या. विसाव्या शतकाच्या शेवटी शिक्षकानं किंवा मेकॅनिकनं घ्यावी अशा किमतीत एससी मिळायची, त्याच्याच हातात पाना असायचा. २०१० नंतर किमती चढत गेल्या आणि बऱ्याच गाड्या गुंतवणूक म्हणून झाकून ठेवल्या गेल्या. के-जेट्रॉनिकला झाकून ठेवणं अजिबात मानवत नाही. पेट्रोल आतल्या आत शिळं होतं, दट्ट्या जागच्या जागी चिकटतो, रबर वाळतं. दर शनिवारी चालवलेली, थोडी ऑइल गळणारी गाडी आणि पाच वर्षं एसी गोदामात चकचकीत उभी असलेली गाडी, यातली कुठली पुण्याहून कोल्हापूरपर्यंत भरवशानं जाईल, हे आता तुम्हीही सांगाल.

सुट्या भागांचं म्हणाल तर कंपनीला आता यात रस आहे. २०१८ मध्ये पोर्शेनं जाहीर केलं की जुन्या मॉडेलांचे न मिळणारे भाग थ्रीडी प्रिंटिंगनं बनवणार. उदाहरण दिलं ९५९ च्या क्लचच्या एका लिव्हरचं, जी गाडी मुळात तीनशेपेक्षा कमी बनली. त्या तापणाऱ्या डब्या दुरुस्त करून देणारी छोटी वर्कशॉपं युरोप-अमेरिकेत आहेत.

हवेनं थंड होणारी शेवटची ९११ म्हणजे ९९३ हीच, १९९८ मध्ये ती संपली. नंतरच्या पाण्याच्या ९९६ मध्ये आट्यांचा प्रश्न नाही, प्लॅस्टिकच्या डब्याचा नाही. तिच्या इंजिनात मधल्या शाफ्टला एक बंद बेअरिंग आहे, आतलं ग्रीस धुऊन गेलं की ते खिळखिळं होतं आणि जाताना पूर्ण इंजिन घेऊन जातं. अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये २००१ ते २००५ च्या गाड्यांसाठी तडजोड झाली. त्याच्या कितीतरी आधीच बाहेरच्या वर्कशॉपांनी सुधारलेलं बेअरिंग बनवून विकायला सुरुवात केलेली होती. गिअरबॉक्स उतरवायचा, इंजिन जागच्या जागी ठेवायचं, क्लच बदलायचाच असेल तर त्याच खेपेत हेही उरकायचं. सध्या त्याचेच चार-पाच प्रकार बाजारात आहेत आणि कुठला चांगला यावर मालकांची जोरात भांडणं चालू आहेत.